मदत हवी आहे: विश्वासात रडायला जागा आहे ना?

जय ख्रिस्त मंडळी. बाबा प्रभूघरी जाऊन पाच आठवडे झाले. त्यांचा चष्मा अजून त्यांच्या पवित्र शास्त्रावरच आहे, आई तो कुणाला हलवू देत नाही. घरप्रार्थनेला येणारी माणसं तिला म्हणतात, "रडू नका, तुमचा विश्वास कमी पडतोय." आता ती न्हाणीघरात नळ सोडून रडते. मला हे सहन होत नाही.

आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशू रडला (योहान 11:35). थोड्याच वेळात आपण त्याला मेलेल्यांतून उठवणार, हे ठाऊक असूनही! 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. आणि थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं 4:13 सगळे ऐकवतात, पण ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका म्हणतो. शोकच करू नका, असं मला त्यात दिसत नाही. माझं वाचन चुकतंय का?

पुढच्या रविवारी बाबांची स्मरणसभा आहे. आईला मोकळेपणी रडता येईल असं कोणतं वचन, कोणतं गीत घेऊ? आणि वडीलधाऱ्यांना न दुखावता हे कसं सांगू? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.