मदत हवी आहे: हार्टच्या गोळीतल्या आयोडीनमुळे बाबांचा थायरॉईड बिघडलाय

नमस्कार. आम्ही फोंड्याचे. बाबा 72 वर्षांचे. चवथीनंतर त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले, तेव्हापासून कॉर्डारोन 200 (घटक अमायोडॅरोन) रोज एक चालू आहे. ठोके ताळ्यावर आले, त्याबद्दल तक्रार नाही.

पण गेले दोन महिने बाबा पहिल्यासारखे नाहीत. एप्रिलच्या या उकाड्यात शाल पांघरून पडवीत बसतात. आवाज घोगरा झालाय. बांगड्याचं हुमण म्हणजे त्यांचा जीव की प्राण, तेही ताटात तसंच राहतं. आम्ही वयावर ढकललं. शेवटी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) केला तर 19, म्हणजे थायरॉईड मंदावलाय! गोळी सुरू होण्याआधी 2.8 होता. मधल्या सात महिन्यांत कुणी तपासायला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, याचं फार वाईट वाटतं. 1961 साली बेल्जियमच्या लाबाझ कंपनीत शोधलेलं जुनं औषध हे, आता सनोफीचं. थायरॉईडचा त्रास होऊ शकतो हे डॉक्टर लोकांना कधीचं ठाऊक आहे.

काकी म्हणते, मासे आणि आयोडीनचं मीठ बंद करा. मला पटत नाही. अमायोडॅरोनच्या 200 मिग्रॅ गोळीत साधारण 75 मिग्रॅ आयोडीन असतं, त्यातलं रोज 6 मिग्रॅच्या आसपास शरीरात मोकळं होतं. माणसाची गरज दिवसाला 0.15 मिग्रॅ. म्हणजे चाळीसपट! मग बांगड्यानं काय घोडं मारलंय?

गोळी मनानं बंद करणार नाही. ती चरबीत साठते, थांबवली तरी अंगातून जायला कित्येक आठवडे लागतात, आणि ठोके पुन्हा बिघडले तर? पुढच्या बुधवारी हार्टच्या डॉक्टरांना दाखवायचंय.

कुणाच्या घरी असं झालंय का? गोळी तीच ठेवून थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) जोडलं, की औषधच बदललं? बाबांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनही आहे, थायरॉक्सिन सुरू झाल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) किती दिवसांनी करायला सांगितला? आणि फार्मसीवाल्यानं या महिन्यात दुसऱ्या कंपनीची अमायोडॅरोन दिलीय. वेर्ण्याला औषध कंपनीत असलेला माझा भाऊ म्हणतो घटक तोच, चालेल. तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाकीट फोडलेलं नाही. जुन्या पाच गोळ्या उरल्यात.