पानगळीतले आत्मिक धडे: अनुभव धागा

पानगळीवरची बहुतेक मनने दोन वाक्यांत आटोपतात: पाने गळतात तसा माणूसही मातीस मिळतो, आणि मग वसंत येतो. यात खोटे काही नाही. पण झाडाकडे नीट पाहिले तर तिथे याहून पुष्कळ वाचायला मिळते. बागकाम, शेती, संडे स्कूल, उपासना, शोकात असलेल्यांच्या भेटी यांतले जाणणाऱ्यांनी इथे लिहावे. काय पाहायचे, कोणत्या वचनापाशी थांबायचे आणि हे मनन कुठे फसते, हे तिन्ही येऊ द्या. शब्दाबद्दल एवढेच की पंचांगातला शरद आणि समशीतोष्ण भागातला हा ऋतू एक नव्हेत, म्हणून सरळ 'पानगळ'च म्हणू.

फळबागेतून

सर्वांत मोठा धडा मोडक्या फांदीत आहे आणि तो क्वचितच कोणी सांगते. उन्हाळ्यात वाऱ्याने पिचलेली, सालीच्या आधाराने लोंबणारी फांदी शोधा. पानगळीत बाकीचे झाड मोकळे होते, पण त्या फांदीवरची तपकिरी, चुरगळलेली पाने तशीच राहतात, कित्येकदा हिवाळाभर. कारण असे की पान नुसते तुटून पडत नाही, झाड ते सोडते. दिवस लहान होऊ लागले की पानाकडून देठाकडे येणारे ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक कमी होते, इथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा प्रभाव वाढतो आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सुटा होऊ लागतो. त्याच्या आतल्या बाजूला बुचासारखा थर धरून जखम बंद होते. हे सगळे जिवंत पेशींचे काम आहे. मेलेल्या फांदीला पान सोडताही येत नाही.

आता बायबलमधले योहान १५:४-६ वाचा. येशू तिथे स्वतःला वेल म्हणतो. वेलात न राहिलेला फाटा वाळतो, हे आपण नेहमी फळाच्या अंगाने वाचतो. पण सोडून देण्याची ताकदही वेलाकडूनच येते. जुना राग, मानपान, कोणी काय केले त्याचे हिशेब सुटत नसतील तर दातओठ खाऊन ते ओढण्याआधी वेलाशी असलेली जोडणी तपासावी.

बघण्याची रीत सोपी आहे. जिवंत फांदीवरचे पिवळे पान बोटाने हलकेच उचला. थर तयार असेल तर ते हातात येते आणि मागे गुळगुळीत व्रण राहतो. व्रणाच्या लगेच वर कळी असते, दहापट भिंगातून तिचे खवलेही दिसतात. ही कळी पान हिरवे असतानाच, उन्हाळ्यात धरलेली असते. मोडक्या फांदीचे पान ओढले तर सहसा देठ मध्येच तुटतो.

फसगत कुठे होते? ओक आणि बीचची कोवळी झाडे जिवंत असूनही वाळलेली पाने वसंतापर्यंत धरून ठेवतात. म्हणून नुसत्या पानांवरून निकाल देऊ नका. डहाळीची साल नखाने किंचित खरवडा: आत हिरवे, ओलसर दिसले तर ती जिवंत, तपकिरी आणि कोरडे दिसले तर मेलेली. माणसाच्या बाबतीत हा निकाल देणे आपले कामच नाही.

संडे स्कूलच्या वर्गातून

'पानगळीत झाडाचे खरे रंग दिसतात' हे वाक्य मुलांना फार सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पिवळे आणि नारिंगी कॅरोटिनॉइड रंग उन्हाळाभर पानातच असतात, हरितद्रव्याने झाकलेले. लाल रंग मात्र, जिथे तो येतो तिथे, बहुतेक त्याच वेळी नव्याने बनतो: पानात उरलेल्या साखरेपासून अँथोसायनिन तयार होते. लख्ख ऊन आणि थंड पण न गोठणाऱ्या रात्री मिळाल्या तर लाली जास्त चढते. म्हणजे धडे दोन. पिवळ्यासाठी लूक १२:२, झाकलेले उघड होते. लालसाठी २ करिंथ ५:१७, जे नव्हते ते निर्माण होते. दोन्ही एकाच वर्गात कोंबू नका, मुले गोंधळतात.

प्रयोग असा: पाच-सहा हिरवी पाने अगदी बारीक फाडून काचेच्या पेल्यात घाला, ती बुडतील एवढेच रबिंग अल्कोहोल ओता, वर झाकण ठेवा आणि पेला गरम पाण्याच्या भांड्यात अर्धा तास ठेवा. अल्कोहोल पेट घेते, म्हणून शेगडीजवळ न्यायचे नाही आणि हे काम मोठ्यांनीच करायचे. मग कॉफी फिल्टरची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी टोक जेमतेम बुडेल अशी टांगा. तासाभरात हिरव्याच्या वर पिवळी रेघ चढते. रेघ फिकट आली तर समजा की पाने कमी पडली किंवा अल्कोहोल जास्त झाले.

मनन-शिबिरे घेणाऱ्याकडून

मोडक्या फांदीच्या मुद्द्याला एक जोड. झाड पान सोडण्याआधी त्यातला साधारण निम्मा नत्र आणि स्फुरद परत ओढून खोडात व फांद्यांत साठवते. सोडणे म्हणजे फेकणे नव्हे. अवेळी कडक गोठण पडली तर पाने हिरवी असतानाच मरतात, तो साठा परत येत नाही आणि वर पानेही लोंबत राहतात.

मंडळीतली जबाबदारी सोडताना हे चित्र कामाला येते. पुष्कळजण रागाच्या भरात एका दिवसात सोडतात, आणि मागच्यांच्या हाती काहीच उरत नाही. त्यापेक्षा सहा आठवडे घ्या. पहिल्या दोनांत कामाची वही पूर्ण करा: किल्ल्या, हिशेब, आजाऱ्यांची यादी, राहिलेल्या भेटी. पुढचे दोन नव्या माणसाला बरोबर घेऊन काम करा. शेवटच्या दोनांत तो करील आणि तुम्ही फक्त हजर राहाल. २ तीमथ्य २:२ रोज वाचा. सर्वांत अवघड जातात शेवटचे दोन आठवडे, कारण हात शिवशिवतात.

पेरणी करणाऱ्याकडून

पानगळ म्हटली की सगळे वर बघतात, खाली कोणी बघत नाही. हिवाळी गहू याच दिवसांत पेरला जातो, साधारण ३ ते ४ सेंटिमीटर खोल. फार वर पडला तर पाखरे टिपतात आणि कोंब उघड्यावर गोठतो, फार खोल गेला तर कोंब वर येईपर्यंत दमतो. उगवलेल्या रोपाला मग गोठणबिंदूच्या थोड्या वरची थंडी काही आठवडे लागते, जातीप्रमाणे चार ते आठ. हेच बी थंडी टाळून वसंतात उशिरा पेरले तर पाला भरपूर येतो, ओंबी धरत नाही. थंडीचे ते आठवडे वाया गेलेले नसतात, पुढचे पीक त्यांच्यावरच ठरते. प्रार्थनेला उत्तर येत नाही असे वाटणाऱ्या काळात स्तोत्र १२६:५-६ वाचताना हे माहीत असलेले बरे.

गव्हाचा दाणा मातीत पडून मेला तर पुष्कळ पीक देतो, हे योहान १२:२४ शिकवताना हमखास प्रश्न येतो: दाणा खरोखर मरतो का? टाळू नका, करून दाखवा. वीस दाणे पाच मिनिटे उकळा, वीस तसेच ठेवा, दोन्ही ओल्या कागदावर निरनिराळ्या ताटल्यांत झाका. कागद ओला हवा, पण पाणी साचता कामा नये, नाहीतर चांगले दाणेही कुजतात. चार-पाच दिवसांत साध्या दाण्यांना मुळे फुटतात, उकळलेल्यांना बुरशी येते. म्हणजे प्रभू म्हणतो ते मरण निर्जीव होण्याचे नव्हे. शेतातले रोप तीन आठवड्यांनी अलगद उपटून पाहा: दाण्याच्या जागी रिकामे टरफल असते, आतला पिठूळ भाग सगळा कोंबाने खाल्लेला. दाणा दाणा म्हणून उरला नाही, तो दिला गेला. आणि हे वचन आधी त्याच्या स्वतःबद्दल आहे. ग्रीक लोक त्याला भेटायला येतात (१२:२०) आणि तो आपल्या वधस्तंभाबद्दल बोलतो. आपली पाळी पुढच्या वचनात येते. हा क्रम उलटला की मनन नुसत्या कष्टाच्या उपदेशावर घसरते.

उपकारस्तुतीच्या उपासनेची तयारी करणारी

हंगामाच्या शेवटी मंडळीत धान्य, फळे आणून उपकारस्तुती करण्याची आजची पद्धत इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या मॉर्वेनस्टो गावी १८४३ साली रॉबर्ट स्टीफन हॉकर या पाळकाने सुरू केलेल्या उपासनेपासून रुळली, असे मानतात. मुळे अर्थातच जुन्या करारातल्या लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत आहेत.

पण वेदी सजवताना सरवा, म्हणजे कापणीत गरिबांसाठी शेतात सोडलेले धान्य, विसरला जातो. लेवीय १९:९-१० सांगते की शेताचा कोपरा कापू नका, पडलेले वेचू नका. अनुवाद २४:२० त्याच्याही पुढे जाते: जैतून एकदा झोडपल्यावर उरलेल्यासाठी पुन्हा फांद्यांना हात लावू नका. कोपरा केवढा, हे नियमशास्त्र सांगत नाही. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाने किमान साठावा भाग धरला. रूथ २:१६ मध्ये शेतमालक बवाज त्याहून पुढे जाऊन बांधलेल्या पेंढ्यांतून मुद्दाम काढून टाकायला सांगतो, आणि वेचणारीला धमकावू नका म्हणतो. तो शब्द फार मोलाचा आहे, कारण देणाऱ्याने घेणाऱ्याची मान खाली जाऊ दिली नाही.

व्यवहारात: महिन्याच्या उत्पन्नातला साठावा भाग आधीच बाजूला काढा, शेवटी उरलेला नव्हे. उपासनेला आणलेला माल त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पोचवायची व्यवस्था आधी ठरवा. डाग पडलेली फळे ढिगात ठेवू नका, एक सडके सफरचंद इथिलीन सोडून बाकीची लवकर पिकवते आणि बुरशीही पसरवते. वाटणाऱ्यांनी फोटो काढू नयेत.

शास्त्राभ्यासातून

यहुद्यांचा मंडपांचा सण पानगळीतलाच आहे: सातव्या महिन्याचा पंधरावा दिवस, खळे आणि द्राक्षकुंड यांचे काम आटोपल्यावर (अनुवाद १६:१३). कोठारे भरलेली असताना पक्के घर सोडून सात दिवस फांद्यांच्या छपराखाली राहायचे. लूक १२:१८ मधला धनवान नेमके उलटे करतो, तो कोठारे मोडून मोठी बांधतो. हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचावेत.

इस्राएल देशात उन्हाळाभर पाऊस नसतो. जमीन दगडासारखी झालेली असते आणि आगोटीचा पाऊस पडल्याशिवाय नांगर लागत नाही. म्हणून सणात यरुशलेममधल्या शिलोह कुंडाचे पाणी आणून वेदीवर ओतत. याच सणाच्या शेवटच्या दिवशी येशू उभा राहून म्हणतो की ज्याला तहान लागली असेल त्याने माझ्याकडे यावे (योहान ७:३७). कोरड्या जमिनीची ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर ते वचन अर्धेच ऐकू येते.

यहूदाच्या पत्रातल्या १२व्या वचनात 'पानगळीतली निष्फळ झाडे' येतात. नव्या करारात हा ऋतुवाचक शब्द एवढ्या एकाच जागी आहे, आणि तो खोट्या शिक्षकांसाठी आहे. ज्याचे वर्ष निष्फळ गेले अशा दुःखी माणसाला तो लावू नये. त्याच्यासाठी हबक्कूक ३:१७-१८ आहे.

दक्षिण गोलार्धातल्यांसाठी

तिथे पानगळ मार्च ते मे, म्हणजे पुनरुत्थानाचा सण (ईस्टर, २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान) गळणाऱ्या पानांत येतो. कळ्या-फुलांची उपमा तिथे चालत नाही. रिकामी कबर ऋतूच्या मदतीशिवाय सांगावी लागते, आणि तशी सांगितली की ती जास्त ठळक होते. उत्तरेत २ नोव्हेंबरचे मृतांचे स्मरण आणि ३० नोव्हेंबरच्या आसपासच्या रविवारी सुरू होणारा नाताळाआधीचा आगमनकाळ ऋतूशी आपसूक जुळतात, दक्षिणेत नाही.

शोकात असलेल्यांना भेटणाऱ्याकडून

वरच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि तेच इथे जपून वापरायला हवे. ज्याच्या घरी मरण झाले आहे त्याला 'पाने पुन्हा येतात' असे सांगू नका. झाडाला पाने पुन्हा येतात, पण तेच पान पुन्हा येत नाही, आणि शोकात असलेल्याला नेमके तेच हवे असते. ख्रिस्ती आशा ऋतुचक्रावर उभी नाही. १ करिंथ १५:४२-४४ ज्या देहाबद्दल बोलते तो पेरला गेलेलाच देह, वेगळ्या गौरवात उठवलेला. त्याचे कारण निसर्ग नव्हे, एकदाच घडलेले येशूचे पुनरुत्थान आहे.

सतराव्या शतकातल्या फ्रान्समधला कार्मेलाइट मठातला बंधू लॉरेन्स अठराव्या वर्षी हिवाळ्यातले निष्पर्ण झाड पाहून देवाकडे वळला. थोड्याच दिवसांत पाने, मग फुले आणि फळे येणार या विचाराने त्याला देवाची तरतूद आणि सामर्थ्य दिसले. दृश्य तेच, पण त्याने ते स्वतःसाठी पाहिले. दुसऱ्याच्या दुःखावर ते ठेवणे वेगळे.

भेट वीस मिनिटांची पुरे. गेलेल्याचे नाव घेऊन बोला. स्तोत्र १०३:१५-१७ सावकाश वाचा, त्यावर भाष्य करू नका. मेलेल्या लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला (योहान ११:३५), म्हणून रडणाऱ्याला थांबवू नका. झाडाची उपमा त्यांनी स्वतः काढली तरच पुढे न्या.

पालापाचोळ्याबद्दल, शेवटी

गळलेली पाने जाळू नका. तारेच्या जाळीचे एक मीटर रुंद, एक मीटर उंच वर्तुळ करा, पाने ओली करून पायाने दाबत भरा. हे शेणखतासारखे तापत नाही, थंडपणे बुरशीच्या बळावर कुजते, म्हणून घाई चालत नाही. न कुजण्याचे नेहमीचे कारण कोरडेपणा. ओकसारखी जाड पाने आधी चिरून घ्या. पाइनच्या सुया वेगळ्या ठेवा. रोगट पाने घालू नका, सफरचंदाचा खवड्या रोग पडलेल्या पानांतच हिवाळा काढतो.

लूक १३:६-९ या ढिगापाशी वाचण्यासारखे आहे. तीन वर्षे फळ न देणाऱ्या अंजिरासाठी माळी आणखी एक वर्ष मागतो, भोवती खणतो, खत घालतो. तिथे शेणखताचा अर्थ आहे. पानांच्या कुजीत अन्नद्रव्ये कमी असतात, ती ओल धरते आणि माती भुसभुशीत करते. झाडाच्या बुंध्याला टेकवून घालू नका, चार बोटे जागा सोडा. एका वर्षात आच्छादनाजोगी होते, बी पेरण्याजोगी व्हायला दोन लागतात. मूठभर घेऊन दाबून पाहा. पानाचा आकार अजून ओळखू येत असेल तर ती पुन्हा ढिगात टाका आणि आणखी एक हिवाळा थांबा.