उलटा वर्ग: परभाषा शिकवताना आणि शिकताना तुम्हाला काय अनुभव आला?

धागाकर्ती (जर्मन शिकवते, पुणे)

माझा संध्याकाळचा ए-वनचा, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचा, वर्ग दीड तासाचा, मुलं अठरा. एकदा घड्याळ समोर ठेवून बघितलं, तर त्यातला तासभर मी एकटीच बोलत होते. उरलेल्या अर्ध्या तासात एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटंही जर्मन येत नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. बोलायला शिकायला आलेली माणसं नुसती ऐकून घरी जात होती आणि हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

तेव्हापासून मी वर्ग उलटा केला, म्हणजे समजावणं घरी आणि सराव वर्गात. व्याकरण मी मोबाईलवर रेकॉर्ड करून आदल्या दिवशी पाठवते. एकही व्हिडिओ आठ मिनिटांच्या वर नाही, आणि बोलते मराठीत. 'डाटिव्ह', म्हणजे आपल्या 'ला'सारखी विभक्ती, समजावताना "मला दुखतंय", "मला आवडतं" इथून सुरुवात करते, कारण जर्मनमध्येही तिथे 'मी' नसतो, 'मला' असतो: 'एस टूट मिअर वे', 'एस गेफेल्ट मिअर'. एवढं घरी ऐकून आले की वर्गात जोड्या पाडायच्या आणि बोलायचं.

पहिले दोन महिने मात्र फसले. चार जण व्हिडिओ न बघता यायचे, मी त्यांच्यासाठी सगळं पुन्हा फळ्यावर घ्यायचे. मग बाकीच्या चौदा जणांनी तरी घरी का बघावं? ते मी निग्रहाने बंद केलं.

शिक्षक, विद्यार्थी, पालक, सगळ्यांनी लिहा. जमलं नाही तेही लिहा, मला तेच जास्त वाचायचंय.

जपानी शिकवते, पुणे

मी दोन वर्षं हेच करतेय, पण माझ्याकडे व्हिडिओपेक्षा वर्गातल्या चुकाच जास्त शिकवून गेल्या.

जपानीतले प्रत्यय मराठी माणसाला पटकन कळतात. 'नी' म्हणजे आपला 'ला', असं मी व्हिडिओत सांगते. 'पूने नी इकिमासु', पुण्याला जातो. 'रोकुजी नी ओकिमासु', सहाला उठतो. 'तोमोदाची नी आइमासु', मित्राला भेटतो. इंग्रजीतून शिकणारे या शेवटच्या वाक्यात हमखास अडखळतात, आपली मुलं अजिबात नाही. पूर्वी मी इथेच खूश होऊन पुढच्या धड्याकडे वळायचे.

वर्गाचा सगळा वेळ मोकळा झाला, मुलं मनाने वाक्यं करायला लागली, तेव्हा दिसलं की हाच 'ला' त्यांना खड्ड्यातही नेतो. आपण "मुलाला बघतो" म्हणतो, म्हणून ती 'कोदोमो नी मिमासु' म्हणतात. हवं 'कोदोमो ओ मिमासु'. आपण "पुण्याला राहतो" आणि "पुण्याला नोकरी करतो" दोन्ही म्हणतो. जपानीत राहण्याला 'नी' चालतो, नोकरी करण्याला 'दे' लागतो. ही चूक मी व्हिडिओत आधीच सांगून बघितली, काही उपयोग झाला नाही. ती मुलांच्या तोंडून व्हावी लागते, शेजारच्याच्या कानाला खटकावी लागते, आणि दोघांनी मिळून मला विचारावं लागतं. मी फळ्यापाशी उभी असताना या चुका कुणाच्या तोंडून बाहेरच पडत नव्हत्या, कारण कुणी बोलतच नव्हतं.

नर्स आहे, जर्मन शिकते

मी विद्यार्थिनी म्हणून लिहिते. जर्मनीत नर्स म्हणून काम करायला साधारण बी-टू, म्हणजे ए-वनच्या बरीच वरची पातळी, लागते, त्यासाठी बारा तासांची ड्युटी सांभाळून क्लास करते. व्हिडिओचा मला फार आधार वाटतो. लोकलमध्ये उभ्याने तीनदा ऐकता येतो. वर्गात सरांना तीनदा कोण विचारणार?

पण रात्रपाळी असली की काहीच बघून होत नाही. आधीच्या क्लासमध्ये अशा दिवशी मला मागे बसवून ठेवायचे. सगळे बोलताहेत आणि आपण गप्प, फार अपमान वाटायचा. दोन आठवडे गेलेच नाही. आताचे सर अशांना पहिली दहा मिनिटं कोपऱ्यात हेडफोन लावून व्हिडिओ बघू देतात, मग जोडीत घेतात. परवा मी नर्स आणि जोडीदार पेशंट, असं केलं. 'वो टूट एस वे?', कुठे दुखतंय? 'झाइट वान?', कधीपासून? हे प्रश्न मी रोज मराठीत पन्नास वेळा विचारते. जर्मनमध्ये न अडखळता तोंडातून निघाले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

शिक्षक-प्रशिक्षक

नर्सताईंचं वाचून एक आठवलं. अमेरिकेत कोलोराडोमधल्या वुडलँड पार्क इथल्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि ऐरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी 2007 मध्ये धडे रेकॉर्ड करायला घेतले, ते मुळात वर्ग बुडणाऱ्या मुलांसाठी. गैरहजर राहावं लागणाऱ्याची सोय हेच या पद्धतीचं मूळ आहे. त्यालाच मागे बसवणं मला मान्य नाही.

शाळेत फ्रेंच शिकवते

माझं जमलं नाही. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका, आणि घरातला एकुलता एक फोन बाबांबरोबर रात्री नऊला घरी येतो. एका पालकांनी विचारलं, "मॅडम, व्हिडिओच बघायचा तर शाळा कशाला?" मला राग आला नाही. त्यांच्या मुलाने नऊनंतर जागून व्हिडिओ बघितला होता आणि मी दुसऱ्या दिवशी त्याला बोलायला संधीच दिली नव्हती.

शेवटी व्हिडिओ सोडून हाताने लिहिलेलं एक पान झेरॉक्स करून द्यायला लागले. भूतकाळाच्या पानावर वर "तो गेला, ती गेली", खाली 'इल ए आले', 'एल ए आले'. मराठीत फरक कानाला कळतो, फ्रेंचमध्ये उच्चार तोच, फक्त लिहिताना बाईसाठी शेवटी एक अक्षर वाढतं. हे कागदावर उलट जास्त स्पष्ट दिसतं. मुलं पान वाचून येतात, तासाला चार-चारच्या गटात बोलतात. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घेतात. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीचा आवाज मी जूननंतर पहिल्यांदा जानेवारीत ऐकला.

अमेरिकेत रविवारची मराठी शाळा

आमच्या मुलांना मराठीच परभाषा. आठवड्यातून एकदा भेटतो. पूर्वपाठ म्हणून आम्ही प्रत्येकाच्या आजीचा व्हॉइस मेसेज ठेवला: आज काय स्वयंपाक केला, एवढंच. मुलं रविवारी एकमेकांना सांगतात, कुणाच्या आजीने काय केलं. 'ळ' अजून कच्चा आहे, पण 'पोळी' आणि 'डाळ' छान यायला लागलंय.

धागाकर्ती

फ्रेंचच्या बाई, तुमचं एखादं पान मला पाठवाल का? माझ्याकडे दोघांचं महिनाअखेरीला मोबाईलचं रिचार्ज संपलेलं असतं. ती दोघं बघून का येत नाहीत, हे मी त्यांना आजवर विचारलंच नव्हतं. काल विचारलं.