मिसिंगचं निदान: कॉइल, प्लग की तिसरंच काही? (अनुभव धागा)

आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) गाडी थरथरते, चढावर रेस दिली की झटके देते, चेक इंजिनचा दिवा लागलेला. स्कॅनर पी ०३०२ दाखवतो आणि लगेच निकाल लागतो: दुसऱ्या नंबरची कॉइल (प्लगला उच्च दाबाची वीज देणारा भाग) गेली. पण हा कोड सिलिंडरचा नंबर सांगतो, पार्टचं नाव नाही. ज्यांनी मिसिंगचं (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचं) मूळ स्वतःच्या हाताने शोधलंय त्यांनी पद्धत लिहावी. काय मोजलं, आकडा काय आला आणि त्यावरून काय ठरवलं, एवढंच हवं. फक्त आधी एक: दिवा लुकलुकत असेल तर रेस सोडा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं, त्या उष्णतेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची आतली जाळी वितळते. कॉइलच्या खर्चाचं मग कौतुक वाटतं.

---

अदलाबदलीपासून सुरुवात करा. फुकट आहे. इंजिन बंद, चावी काढलेली. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. प्लगला हात लावायचा नाही, कारण दोन गोष्टी एकदम हलवल्या तर उत्तर कुणाचं ते कळत नाही. कोड पुसा आणि ज्या परिस्थितीत मिसिंग येतं तशीच गाडी चालवा. चढावर येत असेल तर चढावरच. पी ०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर गेला. पी ०३०२ जागेवरच राहिला तर आता प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग), मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब). स्कॅनरवर सिलिंडरनिहाय मिसफायरचे आकडे दिसत असतील तर कोड पडायची वाटही बघावी लागत नाही.

गरम झाल्यावरच मिसिंग येत असेल तर थंड इंजिनवर केलेली चाचणी फुकट जाते. कॉइलमधल्या वाइंडिंगच्या (तारेच्या वेटोळ्यांच्या) इन्सुलेशनची बारीक चीर तापल्यावर उघडते.

---

वरच्या पद्धतीत एक फट आहे. दोष कॉइलबरोबर गेला म्हणजे कॉइलच गेली असं नाही, तिच्या खालचं रबरी बूटही बरोबर गेलेलं असतं. बूट काढून आतून टॉर्च मारा. पेन्सिलीने ओढल्यासारखी काळपट-राखाडी बारीक रेघ दिसली तर ठिणगी तिथून हेडला (इंजिनच्या वरच्या धातूच्या भागाला) पळतेय. तशीच जोडरेघ प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर सापडते. नख लावलं तरी पुसत नाही. अशा वेळी बूट आणि प्लग दोन्ही बदला. जुन्या बुटात नवा प्लग घातला तर थोड्याच दिवसांत त्यावरही रेघ उमटते. नवीन बुटाच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर द्या.

सिरॅमिक जिथे धातूत शिरतं तिथला फिकट तपकिरी पट्टा मात्र दोष नव्हे. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलकट कण तिथे चिकटतात. त्यावरून चांगला प्लग फेकू नका.

---

मल्टिमीटरवर फार भरवसा नको. दोन पिनांच्या कॉइलची प्रायमरी (बॅटरीच्या बाजूची वाइंडिंग) साधारण ०.४ ते २ ओहम भरते. सेकंडरी (प्लगच्या बाजूची) काही हजार ओहम, पण पुष्कळ कॉइलमध्ये आत डायोड असतो, मग मीटर काहीच दाखवत नाही. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये इग्नायटर (वीज चालू-बंद करणारं सर्किट) आतच असतो, तिथे प्रायमरी मोजायचा प्रश्नच नाही. अशा वेळी कनेक्टर तपासा: चावी ऑन करून एका पिनेवर बॅटरीचा व्होल्टेज, एक पिन पक्की अर्थ, आणि इंजिन फिरताना एका पिनेवर ट्रिगरचे ठोके. हे तिन्ही येत असून ठिणगी नसेल तर कॉइल बाद. पी ०३५१ ते पी ०३५४ या घरातला कोड असेल तर आधी वायरिंग आणि कनेक्टरच बघा. तो कोड त्या कॉइलच्या सर्किटचा असतो.

आणि कॉइल हातात धरून प्लग हेडला टेकवायची जुनी सवय सोडा. हजारो व्होल्टचा झटका, शेजारी उघडं भोक, त्यातून पेट्रोलची वाफ. गॅप लावता येणारा स्पार्क टेस्टर घ्या आणि तपासताना इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा. बाहेरच्या हवेत ठिणगी पडली म्हणजे आत दाबाखालीही पडेल असं नाही. म्हणूनच कमजोर कॉइल आयडलला गप्प बसते आणि लोडवर उघडी पडते.

---

एक आणि चार एकदम मिस होत असतील आणि गाडीला एकच कॉइल दोन सिलिंडरांना ठिणगी देत असेल (१-४, २-३ अशा जोड्या), तर संशय सरळ त्या कॉइलवर. शेजारचे दोन, म्हणजे दोन-तीन वगैरे, एकदम मिस होऊन कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

---

प्लगच्या विहिरीत तेल? टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि ट्यूब सील आधी बदला. तेलाने बूट फुगून मऊ पडतं, नवी कॉइल लावली तरी तेच होणार. प्लग उघडण्याआधी तेल टिपून घ्या, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये.

---

कॉइल-प्लग बदलूनही मिसिंग आयडललाच राहिलं तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) बघा. आयडलला ट्रिम खूप प्लसमध्ये आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ आला, तर कुठेतरी हवा चोरून आत येतेय: मॅनिफोल्डचं गॅस्केट, तडकलेली व्हॅक्यूम नळी. उलट लोडवर ट्रिम वाढत गेला तर पेट्रोलचा दाब मोजा. पण मिसिंग चालू असताना ट्रिमचा आकडा जपून वाचायचा. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि सेन्सर 'मिश्रण पातळ आहे' असं खोटंच सांगतो.

एकाच सिलिंडरचा हट्ट असेल तर कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजा. बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी असेल तर चमचाभर तेल घालून परत मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह.

---

प्लगच्या गॅपबद्दल (टोकाशी ठिणगी उडी मारते त्या फटीबद्दल) कुणीच लिहिलं नाही. झिजून गॅप वाढला की कॉइलला दरवेळी जास्त व्होल्टेज द्यावं लागतं आणि तीच कॉइल मारते. नुसती कॉइल बदलून जुने प्लग ठेवणं म्हणजे नवी कॉइलही त्याच वाटेला. गॅप गाडीच्या पुस्तकातला घ्या, बहुतेक ०.७ ते १.१ मिलिमीटरमध्ये असतो. सीएनजीला ठिणगी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे अर्धमेली कॉइल पेट्रोलवर चालते आणि सीएनजीवर मिसिंग मारते. इरिडियमच्या टोकाला नाण्यासारखा गेज खुपसू नका, टोक तुटतं.

बसवताना इंजिन थंड हवं. प्लग आधी हाताने फिरवा, पान्याने नाही. टॉर्क रेंच नसेल तर वॉशर असलेला नवा १४ मिलिमीटरचा प्लग हाताने टेकेपर्यंत आणि मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. शेवटी कनेक्टर 'टक्' असा लॉक होतो का ते ऐका. प्लास्टिकची कडी उष्णतेने ठिसूळ होऊन तुटलेली असते, वरून बसल्यासारखा दिसतो आणि खड्ड्यात गाडी गेली की पिन सुटते.