मदत हवी आहे : भोरड्यांच्या थव्यासाठी 'मर्मरेशन' हा शब्द योग्य ठरेल का?

नमस्कार. उजनी जलाशयाच्या परिसरात हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्यांविषयी आम्ही काही पक्षिनिरीक्षक मराठी व इंग्रजी अशी जोड-माहितीपुस्तिका तयार करत आहोत आणि तिच्या इंग्रजी मजकुरातील 'मर्मरेशन' या शब्दापाशी काम अडले आहे.

१४८६ साली छापलेल्या 'बुक ऑफ सेंट अल्बन्स' या ग्रंथातील समूहवाचक नामांच्या यादीत हा शब्द स्टार्लिंग पक्ष्यांसाठी आला आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ पुटपुटणे असा असल्याने हे नाव थव्याच्या आवाजावरून पडले असावे. आज मात्र तो ऐकण्यापेक्षा पाहण्याच्या गोष्टीसाठी वापरला जातो : रातथाऱ्यावर उतरण्यापूर्वी हजारो पक्षी एकाच वेळी वळतात, दाटतात, पुन्हा विरळ होतात, ते दृश्य. रोममधील अशा थव्यांची त्रिमितीय छायाचित्रे अभ्यासून इटलीतील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये असे मांडले, की प्रत्येक पक्षी, अंतर कमी असो वा जास्त, आपल्या सर्वांत जवळच्या सहा-सात सोबत्यांशीच उड्डाण जुळवून घेतो, आणि म्हणून ससाण्याचा हल्ला झाला तरी थव्याची एकसंधता टिकते.

भोरडी ही स्टार्लिंगच्याच कुळातील असून तिचे थवेही सायंकाळी असेच उडतात. तेव्हा तिच्यासाठी हा शब्द वापरण्यास हरकत नसावी, असे माझे मत आहे. परंतु दिवसा ज्वारीच्या कणसांवर उतरलेल्या थव्यालाही तोच शब्द लावावा काय? मला ते पटत नाही. तेथे साधा 'फ्लॉक' पुरेसा वाटतो. छायाचित्रांखाली रोहित पक्ष्यांच्या रांगेलाही 'मर्मरेशन' म्हटलेले दिसते, जे मला सरळ चूक वाटते. मात्र दाट थव्यांनी झर्रकन वळणाऱ्या लहान पाणथळ पक्ष्यांबाबत इंग्रजीचे जाणकार काय म्हणतील, हे समजून घ्यायचे आहे.

मराठी मजकुरासाठी 'मर्मर' सुचवण्यात आला होता, पण आपल्याकडे तो पानांच्या सळसळीशी इतका बांधलेला आहे, की वाचकाला आकाशातील ते वळण दिसणार नाही. इंदापूर, करमाळा भागात माचाणावरून गोफण फिरवत ज्वारी राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या बोलीत या सायंकाळच्या घिरट्यांना एखादा स्वतंत्र शब्द असल्यास तो, शक्यतो वाक्यात वापरून, कृपया कळवावा.