'लव्हलेस' की 'सुव्लाकी'? शूगेझ कुणाला पहिल्यांदा ऐकवायचं तर कोणता अल्बम द्यावा?

रात्रपाळी
माझी आणि कर्जत_लोकलची वर्षभर देवाणघेवाण चालू आहे. महिन्याला एक अल्बम तो मला देतो, एक मी त्याला. अट एकच: पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मधलं गाणं उडवायचं नाही. या महिन्यात मी त्याला स्लोडाइव्ह या इंग्लिश बँडचा 'सुव्लाकी' (१९९३) दिला. त्याचं उत्तर आलं: "छान आहे, पण हा माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या 'लव्हलेस'चा (१९९१) मवाळ धाकटा भाऊ. कुणाला शूगेझची गोडी लावायची तर थेट 'लव्हलेस' द्यावा."

मला हे अजिबात पटत नाही, म्हणून इथे मांडतोय. (शूगेझ म्हणजे गिटारच्या दाट, धुरकट आवाजात गाणं बुडवणारा रॉक.) दोन्ही अल्बम क्रिएशन या एकाच रेकॉर्ड लेबलचे, दोन्हींत गिटारचा धुरळा, वाजवणारे दोन्हीकडे मान खाली घालून पायाशी असलेल्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांकडे बघणारे. एवढ्यावरून लोक त्यांना मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ करून टाकतात. 'सुव्लाकी' ज्यातून आला ते दुखणंच निराळं आहे. स्लोडाइव्हचे नील हॅलस्टेड आणि रेचल गॉसवेल यांचं नातं तुटलं होतं आणि तरीही दोघं एकाच बँडमध्ये गात होते. हॅलस्टेड वेल्समधल्या एका घरात एकटा जाऊन राहिला आणि तिथून काही गाणी घेऊन परतला. शेवटचं 'डॅगर' ऐका. गिटार, आणि शेजारी बसून हळू बोलावं तसा आवाज. आधीची नऊ गाणी पडद्यामागे चालली होती हे तेव्हा कळतं, कारण पडदा तिथे सरकतो. हा अल्बम दुसऱ्या कुठल्या अल्बमची पायरी म्हणून का द्यायचा?

कर्जत_लोकल
पायरी म्हणालो नाही रे. कर्जत ते दादर प्रवासात दोनदा पूर्ण ऐकला, मन लावून. 'सुव्लाकी'त गाणं आधी बनलंय आणि मग त्यावर आवाजाचं पांघरूण घातलंय, हे माझं म्हणणं. 'लव्हलेस'मध्ये पांघरूण हेच गाणं आहे. बँडचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स व्हॅमी बार (गिटारच्या तारांचा ताण बदलणारा दांडा) हातात धरूनच तारा छेडतो, त्यामुळे प्रत्येक कॉर्ड सुरावरून जरा घसरते आणि परत येते. ऐकणाऱ्याला वाटतं गिटारचे शंभर थर असतील. शील्ड्स स्वतः सांगतो की थर फार थोडे आहेत. दोन वर्षांहून जास्त काळ आणि १९ स्टुडिओ लागले ते याच आवाजापायी. बँडची गायिका बिलिंडा बुचरला सकाळी झोपेतून उठवून गायला उभं करायचे, म्हणून तिचा आवाज तसा अर्धवट जागा लागतो. नव्या माणसाला जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही ते आधी द्यावं.

पाच_पेडल
"पांघरूण हेच गाणं" याला माझा विरोध. 'लव्हलेस'मधलंच 'समटाइम्स' साध्या गिटारवर वाजवून बघा. चार जणांत बसून म्हणता येईल इतकं सरळ गाणं आहे ते. मी वाजवतो, म्हणून सांगतोय.

जवारी
माझ्या घरात शास्त्रीय संगीतच होतं. 'लव्हलेस' पहिल्यांदा लावला आणि 'टू हिअर नोज व्हेन' सुरू झालं तेव्हा स्पीकर बिघडला असं समजून मी तो बंद करून पुन्हा चालू केला. तोच आवाज आला. मग खाली बसले आणि डोळे मिटून ऐकलं. दोन मिनिटांनी तंबोरा आठवला: जवारी (घोडीवरची तारांची बैठक) नीट लागली की चार तारांतून चारांहून जास्त स्वर ऐकू येतात, तसं. आपल्या कानाला हा अल्बम लोक म्हणतात तितका अवघड नाही. मी कर्जत_लोकलच्या बाजूने.

तिसरी_तार
जवारी, उपमा गोड आहे पण उलटी लागते. तंबोऱ्याची सगळी मेहनत षड्ज हलू नये यासाठी असते आणि शील्ड्सची मेहनत स्वर एका जागी थांबू नये यासाठी. तंबोरा पायाखाली जमीन देतो, 'लव्हलेस' ती काढून घेतो. मींडही (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) म्हणू नका. मींडेला कुठून निघून कुठे पोचायचं ते ठाऊक असतं. नवख्या माणसाला आधी जमीन हवी, म्हणून माझं मत 'सुव्लाकी'ला.

जवारी
स्वराबद्दल तुमचं बरोबर. मी आसेबद्दल, म्हणजे तार छेडल्यावर मागे रेंगाळणाऱ्या नादाबद्दल बोलत होते, एका छेडीची आस दुसरीत मिसळते त्याबद्दल. तेवढ्यापुरती मी उपमा सोडणार नाही.

खाणीतलं_पाणी
शूगेझच कशाला हवं? स्लिंटचा 'स्पायडरलँड' (१९९१) द्या. अमेरिकेतल्या लुइव्हिलची विशीच्या आसपासची मुलं, सहा गाणी, आणि अल्बम बाजारात यायच्या आत बँड फुटलेला. ब्रायन मॅकमहान गोष्ट सांगावी तसा पुटपुटत राहतो, आणि 'गुड मॉर्निंग, कॅप्टन'च्या शेवटी तोच माणूस ओरडतो. अंगावर काटा येतो, आणि त्यासाठी कुठलाही धुरळा लागत नाही.

रात्रपाळी
खाणीतलं_पाणी, तो मला कर्जत_लोकलनेच मार्चमध्ये दिला होता. त्याबद्दल त्याचे उपकार आहेत. पण प्रश्न शूगेझचा होता.

लोकल, "जे दुसरीकडे मिळणार नाही ते आधी" हे तुझं म्हणणं मी दिवसभर घोळवलं. त्यावर एवढंच सांगतो. 'सुव्लाकी' आला तेव्हा इंग्लंडातल्या संगीत साप्ताहिकांचं लक्ष दुसरीकडे वळलं होतं. 'मेलडी मेकर'च्या समीक्षकाने लिहिलं, हा पुन्हा ऐकण्यापेक्षा मी लापशीने भरलेल्या टबात बुडून मरेन. १९९५ च्या 'पिग्मेलियन' या अल्बमनंतर लेबलने स्लोडाइव्हला काढलं. मग २०१४ मध्ये ते परत एकत्र आले, २०१७ मध्ये नवा अल्बम काढला, आणि समोर उभी होती ती १९९३ मध्ये जन्मलेलीसुद्धा नसलेली मुलं. त्यांना कुणी "आधी 'लव्हलेस' ऐका" असं सांगून पाठवलं नव्हतं. बऱ्याच जणांच्या कानावर थेट 'सुव्लाकी'तलं 'ॲलिसन' पडलं आणि ती तिथेच थांबली. मीही त्यातलाच.

पाच_पेडल
आणि 'सुव्लाकी'तल्या दोन गाण्यांत संगीतकार-निर्माता ब्रायन ईनोचा हात आहे, 'सिंग' आणि 'हिअर शी कम्स'. बँडने त्याला पत्र पाठवून निर्माता व्हाल का विचारलं होतं, तो म्हणाला निर्माता नको, एकत्र काम करू. 'मवाळ' म्हणणाऱ्यांनी 'सिंग'मधला अवकाश एकदा ऐकावा.

कर्जत_लोकल
काल रात्री घरी, दिवा मालवून, हेडफोनवर पुन्हा ऐकला. गाडीत रुळांच्या खडखडाटात 'डॅगर' अर्धं बुडालं होतं हे मान्य करतो. काल त्यातला बोट तारेवरून सरकल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. 'मवाळ' हा शब्द मागे घेतो. पहिला अल्बम कोणता, यावर मात्र माझं मत तेच आहे, 'लव्हलेस'. पुढच्या महिन्याला 'पिग्मेलियन' देशील?

रात्रपाळी
देतो. त्यात गिटारची लाट शोधू नकोस, ती जवळपास नाहीच. आणि हा गाडीत लावू नकोस. शांतता इतकी आहे की तुला फक्त रूळ ऐकू येतील.