सल्ला हवा: विंडोज १० वरून ११ वर जावं का? (फोंडा, डीटीपीचं दुकान, जुना प्रिंटर)

पानवेल
मंडळी, नमस्कार. फोंड्यात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, गावच्या नाटकांची पोस्टरं, शिवाय लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणं, हे रोजचं काम.

दोन मशिनं आहेत. दुकानातला सीपीयू २०१७ चा, आय५ सातव्या पिढीचा, ४ जीबी रॅम. त्यावर पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर), मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर (यूएसबीला चावी लावावी लागते ते) आणि बारा वर्षांचा काळा-पांढरा लेझर प्रिंटर. दुसरा घरचा लॅपटॉप, २०२० चा, दहाव्या पिढीचा, ८ जीबी. लेकीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतला होता, आता ती हात लावत नाही.

दोन्हींवर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे माहीत आहे. लॅपटॉपवर '११ घ्या' अशी पाटी रोज येते. दुकानातल्या मशिनवर येते ती 'हा पीसी चालणार नाही' अशी. डीलर म्हणतो दोन्ही काढा, नवीन घ्या. तो दुसरं काय म्हणणार!

११ रोज वापरणाऱ्यांनी सांगा, काम करताना खरंच काय फरक पडतो? यूट्यूबचे व्हिडिओ पाहून झालेत, ते नकोत. जत्रांचा हंगाम चालू आहे, दुकान दोन दिवससुद्धा बंद ठेवता येणार नाही.

रातांबा
मी पर्वरीला, घरून हिशोबाची कामं करते. दोन वर्षं ११ वर आहे, लॅपटॉप तुमच्यासारखाच. आधी लॅपटॉपचं बोलते.

पहिले आठ दिवस चिडचिड झाली. स्टार्ट मधोमध आला, तो सेटिंगमध्ये जाऊन डावीकडे नेला. उजवं बटण दाबलं की अर्धवट मेन्यू येतो, नेहमीचं सगळं 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत. शिफ्ट धरून उजवं बटण दाबा, जुना मेन्यू थेट येतो. हे कळलं तेव्हा निम्मा राग गेला. टास्कबारवर एकाच प्रोग्रामच्या सगळ्या खिडक्या एका चिन्हाखाली कोंबायचे, तेही आता वेगळ्या करता येतात. २०२३ पर्यंत ती सोय नव्हती.

आवडलं ते हे: विंडोज आणि झेड एकत्र दाबलं की पडद्याचे भाग करून देतो. डावीकडे ग्राहकाचा कागद, उजवीकडे फॉर्म. तुमच्या फॉर्मच्या कामाला उपयोगी पडेल. फाइल एक्सप्लोररला आणि नोटपॅडला टॅब आले. वर्डपॅड मात्र २४एच२ या आवृत्तीपासून काढून टाकलंय. मी वापरत नव्हते, पण माझे सासरे गेली वीस वर्षं त्यातच पत्रं लिहायचे. त्यांना लिब्रेऑफिस लावून दिलं, अजून ते मला माफ करायचे आहेत.

वेग? ८ जीबीत १० आणि ११ मध्ये मला फरक जाणवला नाही.

काजूबी
डीलरला म्हणावं, पात्रांव (मालक), आधी माझी उधारी वसूल करून दे, मग नवीन घेतो.

खाजन
पानवेलदादा, लॅपटॉपचं रातांबाताईंनी सांगितलं ते बरोबर, तो बिनधास्त करा. मला काळजी दुकानातल्या मशिनची आहे. म्हापशाला माझंही हेच काम. गेल्या वर्षी मी नवीन मशीन घेतलं, ११ घालूनच आलं, आणि दहा दिवस डोक्याला हात लावून बसलो. त्यात ११ चा दोष थोडा, माझा जास्त. मी 'चालतं का' एवढंच विचारलं होतं, 'माझ्या टेबलावर चालतं का' हे विचारलंच नाही.

पहिली अडचण चावीची. फॉन्टचं सॉफ्टवेअर चढलं, पण चावी सापडत नाही म्हणायचं. ११ मध्ये कोअर आयसोलेशनखाली 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण असतं, नवीन मशिनवर ते बहुधा चालूच येतं. जुन्या धाटणीचे ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणारे प्रोग्राम) ते आत घेत नाही. माझ्या चावीचा ड्रायव्हर २०११ चा होता. बंद केल्यावर चावी चालली, पण असं दार उघडं ठेवून त्याच मशिनवर बँकेची कामं करणं मला पटेना. शेवटी फॉन्टवाल्यांकडून नवा ड्रायव्हर मिळाला, तो घातला आणि संरक्षण परत चालू केलं. मागायला गेलं की मिळतो, आपण मागत नाही.

दुसरी प्रिंटरची. ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, ३२ बिटचं ११ नाहीच. माझ्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर ३२ बिटचाच होता. तो प्रिंटर आता पुतण्याकडे आहे, जुन्या मशिनला लावून प्रश्नपत्रिका छापतो.

म्हणून तुम्हाला एक विचारतो. दुकानातल्या मशिनवर सेटिंग, सिस्टिम, अबाउट इथे जा आणि 'सिस्टिम टाइप'समोर काय लिहिलंय ते इथे टाका. ४ जीबीची मशिनं त्या काळात डीलर सर्रास ३२ बिट घालून द्यायचे.

पानवेल
खाजनबाब, देव बरें करूं. बघितलं. ३२ बिट! आठ वर्षं वापरतोय, पत्ता नव्हता. प्रिंटरच्या सीडीवरही ३२ बिटचाच ड्रायव्हर.

खाजन
मग विषय संपला. ३२ वरून ६४ ला अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्याने घालावं लागतं. तेवढं करूनही प्रिंटर गेला आणि चावीचा भरवसा नाही.

डिचोलीकर
सातवी पिढी असली म्हणून काय झालं? रुफस नावाच्या प्रोग्रामने ११ चा पेन ड्राइव्ह बनवला की टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) तपासणीच होत नाही. माझ्या भावाचं सहाव्या पिढीचं मशीन वर्षभर ११ वर धावतंय.

रातांबा
धावतं हो, नाही म्हणत नाही. पण ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि यादीबाहेरच्या मशिनला अपडेट मिळतीलच अशी हमी नाही. दरवर्षीची मोठी आवृत्ती हातानेच चढवावी लागते. घरच्या गाणी-सिनेमाच्या मशिनला ठीक. ज्यावर पोट आहे त्यावर नको.

डिचोलीकर
मान्य. दुकानाचं आहे हे मी नीट वाचलं नव्हतं. पण त्या मशिनला एक वर्षाची मुदतवाढ मिळते ना? सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते. मी घरच्यावर केली, फुकट. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला की पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट. मशीन १० च्या २२एच२ आवृत्तीवर हवं मात्र.

रातांबा
ती योजना घरगुती वापरासाठी आहे. धंद्यासाठी वेगळी, पहिल्या वर्षाला मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. जुन्या सीपीयूवर एवढा खर्च करायचा तर त्यापेक्षा थोडे घालून एसएसडी (वेगवान डिस्क) येईल.

वाळपयचा_पावस
लिनक्स मिंट कुणी सुचवलंच नाही, म्हणून मी सुचवतो. आमच्या वाचनालयातल्या दोन जुन्या मशिनांवर मिंट २२ आहे, २०२९ पर्यंत अपडेट येतील. मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट कीबोर्डवर झकास, वाचकांना फरक कळत नाही, फक्त 'ई कुठे गेला' (म्हणजे इंटरनेटचं ते ई-चं चिन्ह) विचारतात.

पण पानवेलदादा, खरं सांगायचं तर तुमच्या दुकानासाठी मी मिंटचा आग्रह धरणार नाही. पेजमेकर आणि चावी तिथे चालवत बसलात तर जत्रा संपून शिगमो येईल. त्यापेक्षा आजपासून नवीन कामं युनिकोडमध्ये (कुठल्याही मशिनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) करायला लागा. मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट आहेत, हँडबिलाला बालू छान उठून दिसतो. आठ-दहा वर्षांच्या पत्रिका जुन्या फॉन्टमध्ये अडकल्या असतील, त्या सगळ्या बदलत बसू नका. फक्त दरवर्षी परत येणारं गिऱ्हाईक, देवस्थानाची वार्षिक पत्रिका वगैरे, तेवढं नव्याने टाइप करून ठेवा.

काजूबी
आता गंमत बाजूला ठेवून एक. अपग्रेड दुपारी लावू नका, आणि लॅपटॉप चार्जरवर असला तरी बॅटरी आधी पूर्ण भरून घ्या. आमच्या वाड्यावर लाईट कधी जाईल ते झाडावरचा कावळाही सांगू शकत नाही. राउटर बंद पडला तर फक्त डाउनलोड थांबतं, पण मशीनच मध्ये बंद पडलं तर रात्र जाते. डाउनलोड मोठं आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नका.

आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय)! माझ्याकडे दुरुस्तीला एक लॅपटॉप आला होता, बायोस अपडेट केल्यावर ४८ आकडी किल्ली मागू लागला. मालकाला खातं कुठलं ते आठवेना. किल्ली त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातच होती, पण खातं उघडलं होतं भाच्याने, भाचा कतारला. तीन दिवस गेले. अपग्रेडच्या आधी किल्ली कागदावर लिहा आणि कागद लॅपटॉपच्या बॅगेत नको, कपाटात ठेवा.

पानवेल
सगळ्यांचे आभार. असं ठरवलं: लॅपटॉपवर ११, दुकानातलं मशीन आहे तसंच, फक्त त्याची नेटची वायर काढायची. फॉर्म, बँक, गिऱ्हाइकाचं व्हॉट्सअॅप सगळं लॅपटॉपवर. सीपीयू फक्त पेजमेकर आणि छपाईला.

खाजन
चांगलं. पण नेट काढलं म्हणजे व्हायरस संपला असं समजू नका, आपल्या धंद्यात तो पेन ड्राइव्हमधून येतो. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह त्या मशिनला लावू नका. आधी लॅपटॉपवर तपासा, मग तुमच्या स्वतःच्या एका पेन ड्राइव्हने न्या. आणि सीपीयूमधल्या फाइली आजच बाहेरच्या डिस्कवर काढा, ती हार्ड डिस्कही आठ वर्षांची आहे.

पानवेल
(पाच दिवसांनी)
रविवारी सकाळी लॅपटॉप केला. दोन तास लागले, लाईट गेली नाही. किल्ली देवघराच्या खणात. शिफ्टवाली युक्ती लेकीला दाखवली तर म्हणाली, बाबा, हे मला केव्हापासून माहीत होतं.

काल गडबड झाली. एका मंडळाच्या पोराने नाटकाचं पोस्टर व्हॉट्सअॅपवर पाठवलं, ते लॅपटॉपवर उघडलं तर सगळी अक्षरं कचरा. जुन्या फॉन्टमधली फाइल होती. दुकानातल्या मशिनवर नेऊन उघडली, दहा मिनिटांत छापून दिली. पोरगा म्हणाला, हा जुना डबा विकू नका हं.

एक शंका राहिली. परत १० वर जायचं झालं तर किती दिवसांत?

रातांबा
दहा दिवस. सेटिंगमध्ये रिकव्हरीखाली 'गो बॅक' आहे. त्याआधी विंडोजचं जुनं फोल्डर जागा करायला म्हणून पुसू नका.

पानवेल
पाच गेले, पाच उरले. बघतो.